गळाची शर्यत आणि नदीचा दावा

मासे धरणें हा धंदा कीं खेळ, असा प्रश्न कोणी विचारला तर कोळीवाड्यांतला माणूस हंसेल. ज्याच्या घरची चूल जाळ्यावर पेटते त्याला यांत खेळ कसला दिसणार? काळोखांत होडी लोटावयाची, वाऱ्याशीं आणि भरतीशीं झुंजावयाचें आणि पाट्या भरून बाजारांत न्यावयाच्या, हा त्याचा पिढीजात व्यवसाय. परंतु एक काठी, एक दोरी, दोरीच्या टोंकाला एक वांकडा कांटा आणि त्याला टोंचलेलें आमिष एवढ्याच सामग्रीवर तासन् तास पाण्याकडे टक लावून बसणारी दुसरीही एक जात जगांत आहे. तिला माशाची भूक नसते. पुष्कळदां तर ती हातीं आलेला मासा पुन्हां पाण्यांतच सोडून देते. कोंकणांत या प्रकाराला गरवणें म्हणतात, घाटावर गळ टाकणें म्हणतात. बाहेरून पाहणाराला निव्वळ आळस वाटावा अशा या करमणुकीची शर्यत कशी झाली, शर्यतीसाठीं संघ कसे निघाले आणि अशाच एका संघानें अखेर एका नदीसाठीं बलाढ्य कारखान्याला व खुद्द नगरपालिकेला न्यायालयांत कसें उभें केलें, ही हकीगत ऐकण्याजोगी आहे.

ही करमणूक केवळ पाश्चात्त्यांची, अशी कोणाची समजूत असेल तर ती आधीं दूर केली पाहिजे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर या राजानें १२ व्या शतकाच्या पूर्वार्धांत, ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे तो त्यांत आढळणाऱ्या जुन्या मराठी रचनेच्या नमुन्यामुळें. परंतु त्याच ग्रंथांत, राजानें आपलें मन कसें रमवावें हें सांगतांना, 'मत्स्यविनोद' नांवाचें एक प्रकरण आहे. कोणते मासे समुद्रांतले आणि कोणते नदींतले, कोणत्या माशाला कोणता चारा प्रिय, दोरी कशी असावी, काठी कशी असावी, मासा गळाला लागल्यावर काय करावें, याचें विवेचन त्यांत बारकाईनें केलें आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हां आठशें वर्षांपूर्वींची ही माहिती पाहून जाणत्यांनाही कौतुक वाटलें.

तथापि सोमेश्वराचा मत्स्यविनोद हा राजाचा विनोद होता. पाणी राजाचें, सेवक राजाचे आणि मासाही राजाचाच. तेथें शेजाऱ्याशीं चढाओढ नव्हती, आणि म्हणून शेजाऱ्याशीं करार करण्याचेंही कारण नव्हतें. शर्यतीला मात्र दोन गोष्टी लागतात. बरोबरीचीं माणसें लागतात आणि सर्वांनीं मान्य केलेले नियम लागतात. त्या दोन्ही गोष्टी या खेळांत कशा आल्या हें पाहावयाचें असल्यास इंग्लंडकडे वळावें लागतें.

इंग्लंडांत या छंदाला साध्या गृहस्थाच्या जीवनांत मानाचें स्थान मिळवून देणारा लेखक म्हणजे आयझॅक वॉल्टन. १५९३ सालीं स्टॅफर्ड येथें जन्मलेला हा गृहस्थ लंडनमध्यें कापडाचा व्यापार करी. त्याच्या काळीं राजा आणि पार्लमेंट यांच्यामधील यादवी युद्धानें देश होरपळून निघाला होता. १६४९ सालीं पहिल्या चार्लस राजाचा शिरच्छेद झाला होता, आणि वॉल्टन तर मनानें राजपक्षाचा. अशा कडवट काळांत, १६५३ सालीं, त्यानें 'दि कम्प्लीट अँग्लर' हें पुस्तक छापलें. त्यांत ना कोणाला शिव्याशाप आहेत, ना कोणाची निंदा. नदीकांठचीं झाडें, पक्ष्यांचे आवाज, गवळणींचीं गाणीं, पाण्यांतील माशांच्या खोडी आणि सोबत्यांच्या निष्कपट गप्पा यांनीं तें भरलेलें आहे. ज्या देशांत शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला होता तेथें दोन अनोळखी माणसें नदीकांठीं सलोख्यानें बसूं शकतात, एवढेंच तें पुस्तक सांगत होतें. वाचकांना तें भावलें. वॉल्टनच्या हयातींत त्याच्या पांच आवृत्त्या निघाल्या. १६७६ च्या पांचव्या आवृत्तीस त्याचा तरुण मित्र चार्लस कॉटन यानें दुसरा भाग जोडला. हा कॉटन डव्ह नदीच्या खोऱ्यांत राहत असे. १६७४ सालीं त्यानें त्या नदीच्या कांठीं एक लहानशी दगडी मत्स्यकुटी बांधली आणि तिच्यावर आपलीं व वॉल्टनचीं आद्याक्षरें एकमेकांत गुंफून कोरविलीं. ती कुटी आजही उभी आहे. ही डव्ह नदी पुढें ट्रेंट नदीला मिळते. डर्बी शहरावरून येणारी डर्वेंट नदीही त्याच ट्रेंटला मिळते. या डर्वेंटचें नांव लक्षांत ठेवावें, कारण पुढील हकीगत तिचीच आहे.

वॉल्टननंतर दोनशें वर्षांनीं गळाची काठी गिरणीकामगारांच्या आणि लोहारकाम करणाऱ्यांच्या हातीं आली. यांत शेफील्ड शहराचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. चाकू, सुऱ्या, कात्र्या आणि वस्तरे यांसाठीं हें शहर जगभर प्रसिद्ध. या पात्यांना धार लावणारे कारागीर फिरत्या दगडावर ओणवे होऊन दिवस काढीत. दगडाची आणि पोलादाची बारीक भुकटी श्वासाबरोबर छातींत जाई, दम्यासारखा विकार जडे आणि पुष्कळ जण भर वयांत दगावत. अशा माणसाला आठवड्यांतून एक दिवस उघड्या हवेंत बसावयास मिळणें म्हणजे काय, हें वेगळें सांगावयास नको. हे कारागीर रविवारच्या पाठोपाठ सोमवारीही काम बंद ठेवीत आणि थट्टेनें त्या दिवसाला 'संत सोमवार' म्हणत. संतांच्या नांवाची ती सुट्टी पुष्कळ जण नदीकांठीं घालवीत.

परंतु कोणत्या नदीच्या कांठीं? शेफील्डमधून डॉन नदी वाहते. कारखान्यांच्या मळीनें आणि वाढत्या शहराच्या सांडपाण्यानें तिची अवस्था गटारासारखी झाली होती. ज्या कारखान्यांत हे लोक राबत होते त्याच कारखान्यांनीं त्यांच्या दाराशेजारची नदी मारून टाकली होती. म्हणून मासे धरावयाचे तर आगगाडीनें लिंकनशायरच्या सखल मुलुखांत जावें लागे. विदम नदी आणि दलदलीचें पाणी काढून नेण्यासाठीं खणलेले तेथील लांबच लांब सरळ कालवे माशांनीं भरलेले असत. एकट्या कामगाराला प्रवासाचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. पन्नास माणसें एकत्र आलीं म्हणजे मात्र सवलतीचें तिकीट मिळे आणि पुढें पुढें तर शर्यतीसाठीं स्वतंत्र गाड्याही सुटूं लागल्या. अशा रीतीनें मोहल्ल्यामोहल्ल्यांतील मद्यगृहांत, आठवड्याच्या वर्गणीवर, गळ टाकणारांचे लहान लहान संघ निघाले. १८६९ सालीं शेफील्डच्या अशा संघांची एक मध्यवर्ती संस्था उभी राहिली. खेळाची हौस, हवेची गरज आणि रेल्वेचें भाडें या तिहींच्या मेळांतून संघटना जन्मास आली, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

आतां या शर्यतीची रीत पाहूं. वरवर पाहतां ती अगदीं सोपी आहे. नदीच्या कांठावर ठराविक अंतरानें खुंट्या ठोकतात आणि त्यांवर क्रमांक घालतात. सकाळीं सर्व स्पर्धक जमले म्हणजे चिठ्ठ्या निघतात. ज्याच्या हातीं जो क्रमांक येईल तीच त्याची जागा. कोणाला झाडाच्या सावलींतील खोल डोह लाभतो तर कोणाच्या वांट्याला उथळ, उघडें पाणी येतें. नशिबाचा भाग एवढ्यावरच संपतो. शिटी वाजली कीं सर्वांनीं एकदम गळ टाकावयाचे आणि पुन्हां शिटी वाजली कीं एकदम काढावयाचे. शेजाऱ्याच्या हद्दींत गळ जाऊं द्यावयाचा नाहीं, पाण्यांत दगड टाकून त्याचे मासे बुजवावयाचे नाहींत. मासेही कांहीं मोठे नसतात. रोच, ब्रीम, पर्च असे हातभराच्या आंतले, पुष्कळदां वीतभराचेच. सर्वांचें मिळून वजन ज्याचें अधिक तो जिंकला. हें वजन पाउंडांत आणि औंसांतच नव्हे, तर औंसाचा सोळावा हिस्सा जो ड्रॅम त्यांतही मोजीत. बोटाएवढ्या एका माशावरून हारजीत ठरल्याचे प्रसंग या खेळांत नित्याचेच आहेत.

असें असल्यामुळें तराजू धरणारा माणूस या खेळांत न्यायाधीशासारखा असतो. जेथें वजनावर बक्षीस तेथें वजन वाढविण्याचा मोह येणारच. हा मोह जुन्या काळापुरता नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेंतील ईरी सरोवरावरच्या एका मोठ्या रकमेच्या शर्यतींत दोघां स्पर्धकांनीं आणलेले मासे आकाराच्या मानानें फार जड भरले. पंचानें तेथल्या तेथें मासे चिरले तेव्हां त्यांच्या पोटांतून शिशाच्या गोळ्या निघाल्या. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि पुढील वर्षीं दोघांनीं गुन्हा कबूल केला. बक्षीस जितकें मोठें तितका खेळ लहान होतो, याचा हा धडधडीत दाखला. शेफील्डच्या संघांनाही पैजांचा आणि लबाडीचा जाच होताच. त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे शेजाऱ्याची नजर. खुंट्यांवर दोहों बाजूंस प्रतिस्पर्धी बसलेला असतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत लबाडी करणें कठीण असतें.

पूर्वीं शर्यतींत धरलेले मासे मारले जात. पुढें ही रीत बदलली. प्रत्येक स्पर्धक आपल्याजवळ जाळीची एक लांब पिशवी पाण्यांत बुडवून ठेवूं लागला. धरलेला मासा त्या पिशवींत जिवंत राहतो आणि शेवटीं वजन झालें कीं नदींत परत जातो. हा फरक दयेपोटीं झाला तसाच शहाणपणापोटींही झाला. शंभर माणसें दर आठवड्याला येऊन नदी उपसूं लागलीं तर पुढच्या वर्षीं शर्यत कशाची करणार? ज्याला एकदांच यावयाचें आहे तो मासा घेऊन जातो. ज्याला पुन्हां पुन्हां यावयाचें आहे तो मासा सोडून देतो.

हाच विचार कायद्यांत उतरला तो १८७८ सालीं. तोपर्यंत इंग्लंडच्या कायद्यांत सामन आणि ट्राउट या माशांना विणीच्या हंगामांत संरक्षण होतें. हे मासे जमीनदारांचे आणि धनिकांचे. रोच, ब्रीम, पर्च हे गरिबांचे मासे. त्यांच्या विणीची फिकीर कायद्यास नव्हती. शेफील्डच्या गळकऱ्यांनीं ही गोष्ट आपल्या प्रतिनिधीच्या कानीं घातली. ए. जे. मुंडेला हे तेव्हां शेफील्डतर्फे पार्लमेंटांत निवडून आलेले सभासद होते. त्यांच्या प्रयत्नानें गोड्या पाण्यांतील माशांविषयींचा कायदा संमत झाला आणि १५ मार्च ते १५ जून हे तीन महिने या सामान्य माशांनाही अभय मिळालें. लोक त्याला मुंडेलाचा कायदा म्हणूं लागले. यांतील मर्म असें कीं, हें बंधन कोणी सरकारी अधिकाऱ्यानें कामगारांवर लादलें नव्हतें. वर्षांतून तीन महिने आमचा खेळ बंद ठेवा, अशी मागणी खेळणारांनींच केली होती. तळीं आणि बहुतेक कालवे यांवरील हें बंधन पुढें १९९५ नंतर सैल झालें, परंतु इंग्लंडांतील नद्यांवर तें आजही पाळलें जातें. १६ जूनची पहांट ही तेथील पोरांना आपल्याकडच्या सणाच्या पहांटेसारखी वाटते.

यानंतर या खेळाचा पसारा झपाट्यानें वाढला. १९०० सालीं पॅरिस येथें विश्वप्रदर्शन आणि त्याच्याच जोडीला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां सीन नदीवर गळाच्या शर्यतीही झाल्या. सुमारें ६०० गळकरी त्यांत उतरले आणि त्यांपैकीं बहुतेक फ्रेंच होते. ऑलिंपिकच्या अधिकृत खेळांत मात्र ही शर्यत धरली जात नाहीं. इंग्लंडांत १९०३ सालीं ठिकठिकाणच्या संघांचें राष्ट्रीय मंडळ स्थापन झालें आणि १९०६ सालीं थेम्स नदीवर पहिली सर्व-इंग्लंड शर्यत झाली. बारा बारा गळकऱ्यांच्या तुकड्या, प्रत्येक तुकडी आपल्या गांवाच्या नांवानें बसलेली, असा तो थाट होता. पुढें मोठमोठ्या कारखान्यांनीं आपल्या कामगारांसाठीं क्रीडासंघ काढले, त्यांतही फुटबॉल आणि क्रिकेट यांच्या शेजारीं गळकऱ्यांची शाखा असे.

तथापि या खेळाचा खरा आधार राष्ट्रीय शर्यत नव्हे. तो आधार म्हणजे गांवच्या लहानशा क्रीडासंघानें वर्षांतून एकदोनदां भरविलेली घरगुती शर्यत. तिला ना मोठें बक्षीस, ना मोठा गाजावाजा. संघाचा चिटणीस पहांटे खुंट्या ठोकतो. घरींदारीं केलेले खाद्यपदार्थ टेबलावर मांडलेले असतात. बाप आणि मुलगी एकाच खुंटीपाशीं बसतात, आजोबा नातवाला गांठ मारावयास शिकवितात आणि मुलांसाठीं निराळें बक्षीस ठेवलेलें असतें. धांवण्याच्या शर्यतींत साठीचा म्हातारा आणि आठ वर्षांचा मुलगा एका रेषेवर उभे राहूं शकत नाहींत. गळाच्या शर्यतींत राहूं शकतात, इतकेंच नव्हे तर मुलगा जिंकूंही शकतो. येथें बळ चालत नाहीं, धनही फारसें चालत नाहीं. चालतो तो धीर आणि पाण्याकडे लक्षपूर्वक पाहण्याची संवय. मुलाला नदी ओळखावयास शिकविणारी अशी शाळा दुसरी क्वचितच असेल. पाण्याचा रंग आज बदलला आहे, कालपर्यंत दिसणारी वनस्पति नाहींशी झाली आहे, पाण्याला निराळाच वास येत आहे, हें प्रथम कोणाला कळतें? कचेरींत बसलेल्या अधिकाऱ्याला नव्हे. तें कळतें कांठावर बसलेल्या गळकऱ्याला.

आणि कळलें तरी करावयाचें काय? इंग्लंडांत नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध १८७६ सालींच कायदा झाला होता. पण त्यांत कारखानदारांना इतक्या पळवाटा ठेवल्या होत्या कीं, तो कागदावरच राहिला. कारखान्यामागून कारखाने उभे राहिले, शहरें फुगलीं आणि नद्या काळ्या पडल्या. संघांनीं अर्ज करावे, अधिकाऱ्यांनीं ते दप्तरीं लावावे, असा क्रम पाऊणशें वर्षें चालला. अखेर १९४८ सालीं जॉन ईस्टवुड या कायदेपंडितानें एक निराळी वाट दाखविली. त्याचें म्हणणें असें : नवे कायदे हवेत कशाला? इंग्लंडच्या रूढ कायद्याप्रमाणें नदीकांठच्या मालकाला, वरच्या अंगानें येणारें पाणी मूळच्या गुणाचें, मूळच्या प्रमाणांत मिळण्याचा हक्क आहे. ज्या संघानें मासे धरण्याचा हक्क रीतसर विकत किंवा भाड्यानें घेतला आहे त्याचाही तो हक्क आहे. मग सरकारची वाट पाहूं नका. स्वतः फिर्यादी व्हा. एकट्या संघाला खटल्याचा खर्च झेपणार नाहीं, म्हणून सर्वांनीं मिळून निधि जमवा. या विचारानें गळकऱ्यांची सहकारी संस्था निघाली. शंभर वर्षांपूर्वीं रेल्वेच्या भाड्यासाठीं जी युक्ति शेफील्डच्या कामगारांनीं केली होती, तीच आतां वकिलाच्या फीसाठीं करण्यांत आली.

आतां डर्बी शहरावरून येणाऱ्या डर्वेंट नदीकडे वळूं. या नदीचें औद्योगिक इतिहासांत मोठें नांव आहे. १७२१ सालीं डर्बी येथें तिच्याच पाण्यावर चालणारी रेशमाची प्रसिद्ध गिरणी पुरी झाली होती. दोनशें वर्षांनंतर शहराच्या खालच्या अंगास, स्पाँडन येथें, कृत्रिम रेशमाचा प्रचंड कारखाना उभा होता. ब्रिटिश सेलानीज हें त्याच्या कंपनीचें नांव. कारखान्यांतून रसायनयुक्त आणि ऊन पाणी नदींत येई. डर्बी नगरपालिकेचें सांडपाणी पुरतें शुद्ध न होतां नदींत येई. वीजमंडळाच्या केंद्रांतूनही ऊन पाणी येई. पाणी तापलें म्हणजे त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी होतो आणि मैलापाण्यामुळें उरलासुरलाही खपतो. मासा मग विषानें मरावाच लागतो असें नाहीं. तो पाण्यांत राहून गुदमरतो. नदीच्या त्या खालच्या भागांत मासे धरण्याचा हक्क 'प्राइड ऑफ डर्बी' या नांवाच्या गळकरी संघाकडे होता. नांवाचा अर्थ डर्बीचा अभिमान. त्या अभिमानाच्या वांट्याला आतां मासा नसलेली नदी आली होती.

संघानें कांठच्या जमिनीचे मालक हॅरिंग्टनचे अर्ल यांच्यासह फिर्याद केली. एका बाजूला गळकऱ्यांचा संघ आणि दुसऱ्या बाजूला हजारों लोकांना रोजगार देणारी कंपनी, लाखावर वस्तीच्या शहराची नगरपालिका आणि सरकारी वीजमंडळ, असा तो सामना होता. नगरपालिकेचा युक्तिवाद दुबळा नव्हता. १९०१ च्या कायद्यानें आम्हांस सांडपाण्याचें काम सोंपविलें आहे. बांधलीं तेव्हां आमचीं शुद्धीकरणाचीं कामें पुरेशीं होतीं. पुढें शहर वाढलें हा कांहीं आमचा अपराध नव्हे. आणि लोकांनीं सांडपाणी टाकावयाचें तरी कोठें? माशांसाठीं शहर बंद ठेवावयाचें काय? हा शेवटचा प्रश्न सामान्य माणसालाही पेंचांत टाकणारा आहे. पैशानें नुकसानभरपाई घ्या आणि गप्प बसा, असा त्याचा मथितार्थ.

न्यायालयानें तो मानला नाहीं. प्रथम न्यायमूर्ति हार्मन यांनीं आणि नंतर अपील न्यायालयांत एव्हरशेड, डेनिंग व रोमर या न्यायमूर्तींनीं संघाच्या बाजूनें निकाल दिला. तो १९५३ च्या न्यायसंग्रहांत नोंदलेला आहे. कायद्यानें काम सोंपविलें म्हणजे उपद्रव करण्याचा परवाना दिला असें होत नाहीं, हें त्यांतील एक सूत्र. नुकसानभरपाई देऊन दुसऱ्याची नदी कायमची नासविण्याचा हक्क विकत घेतां येत नाहीं, हें दुसरें. न्यायालयानें मनाईहुकूम काढला, परंतु शहराचीं गटारें दुसऱ्या दिवशीं बंद करतां येत नाहींत हें ओळखून त्याची अंमलबजावणी कांहीं काळ स्थगित ठेवली. त्या मुदतींत शुद्धीकरणाची सोय करा, असा त्याचा अर्थ. नदीला न्याय मिळाला आणि शहरालाही सवड मिळाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो निवाडा आजही अभ्यासावा लागतो. पुढें २००९ सालीं गळकऱ्यांच्या अनेक संस्था एक झाल्या, तेव्हांही न्यायालयांत लढणारी शाखा त्यांनीं राखून ठेवली. स्पाँडनचा तो कारखाना २०१२ सालीं बंद पडला. नदी वाहतेच आहे.

या हकीगतींतून भाबडा निष्कर्ष काढण्याचें कारण नाहीं. इंग्लंडच्या नद्या एका निकालानें स्वच्छ झाल्या नाहींत, आणि सांडपाण्यावरून तेथें आजही कडाक्याचे वाद चालतात. शिवाय गळकऱ्यांचा लढा सर्वस्वीं निःस्वार्थी होता असेंही नाहीं. त्यांना आपली रविवारची शर्यत हवी होती. परंतु स्वार्थ स्वार्थांतही भेद असतो. ज्या स्वार्थाला नदी जिवंत असल्याखेरीज गति नाहीं, तो स्वार्थ नदीचा पहारेकरी होतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट अगदींच परकी नाहीं. कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी १८२४ पासून कांहीं वर्षें मुंबई सरकारच्या वतीनें दख्खनची पाहणी करीत हिंडला. येथील नद्यांतील माशांचें त्यानें शास्त्रीय वर्णन केलें आणि तें करतांना पुष्कळ माशांना येथील लोकांच्या तोंडचींच नांवें दिलीं. 'खुद्री' आणि 'नुक्ता' हे शब्द अशा रीतीनें जगाच्या मत्स्यशास्त्रांत जाऊन बसले. त्यांतील खुद्री म्हणजे दख्खनचा महाशीर. जगांतील गळकरी ज्याला मोठा मान देतात अशा माशांच्या कुळांतला हा मासा. त्याचें १८३९ सालचें वर्णन ज्या नमुन्यावरून झालें तो पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पाण्यांतला होता. आज पुण्याच्या पुलावरून खालीं पाहणाराला हें सांगितलें तर त्याचा विश्वास बसणार नाहीं. लोणावळ्याच्या वळवण तलावापाशीं टाटांच्या वीज कंपनीनें महाशीराचीं पिलें वाढविण्याचें काम १९७० नंतरच्या काळांत सुरू केलें, म्हणून त्या माशाचा वंश अनेक पाण्यांत पुन्हां सोडतां आला. पण पिलें सोडावयाचीं तर त्यांना जगविणारें पाणीही हवें.

कल्याणीचा सोमेश्वर राजा आपल्या नदीचे मासे ओळखीत होता. शेफील्डचा धार लावणारा कारागीर आपल्या कालव्याचे मासे ओळखीत होता. डर्बीच्या संघाला आपली नदी मेली हें ओळखतां आलें, कारण ती जिवंत असतांना त्याचे सभासद तिच्या कांठीं बसले होते. गांवच्या घरगुती शर्यतींत जिंकलेला पेला फडताळांत काळा पडतो, आणि कोणी किती ड्रॅमांनीं जिंकलें हें दुसऱ्या वर्षीं कोणाच्या ध्यानांतही राहत नाहीं. परंतु त्या दिवशीं आजोबांच्या शेजारीं बसून ज्या मुलानें पाण्याकडे चार तास पाहिलें, त्याला तें पाणी आपलें वाटूं लागतें. पुढें कधीं त्या पाण्यावर संकट आलें तर साक्षीला उभा राहणारा माणूस अशाच मुलांतून निघतो.